आधी फी, मग माल? तासगावहून आलेलं पत्र

ताई,

मी तासगाव तालुक्यातला. मागच्या वर्षी सांगलीत इंजिनिअरिंग पूर्ण केलं. घरची अडीच एकर द्राक्षबाग आहे. तात्या फवारणीची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतात आणि निर्यातीचा माल ठरला की ते कॅलेंडर शोधत घरभर फिरतात. म्हणून मी फ्लटर नावाच्या ॲप बनवायच्या साधनात एक ॲप केलं. छाटणीची तारीख टाकली की बाग आज किती दिवसांची ते दिसतं, कोणतं औषध कधी आणि किती मारलं ते राहतं, आणि पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी थांबायचा काळ, संपायला किती दिवस उरले ते कळतं. गावातले आठ-दहा जण व्हॉट्सॲपवरून एपीके, म्हणजे ॲप थेट फोनवर बसवायची फाइल, घेऊन वापरतायत.

आता प्ले स्टोअरवर टाकायचं तर २५ डॉलर आणि ॲपलवर दर वर्षी ९९ डॉलर. आमच्या भागातले दोन द्राक्ष सल्लागार आयफोनवाले आहेत. ते म्हणतात, आमच्या फोनवर आलं तर शंभर बागायतदारांना सांगू. तात्या म्हणतात, "आदी पैसं भरायचं आन मग माल दावायचा, ह्यो कुठला बाजार?" मलाही वाटतं की ही फी म्हणजे लहान माणसाला दारातच अडवायचं काम आहे. का यात आमचाही काही फायदा असतो?

ता. क. पुण्यातला एक मित्र त्याच्या जुन्या खात्यावरून ॲप टाकून देतो म्हणतोय. एक पैसा लागणार नाही.

– दाराबाहेरचा

प्रिय दाराबाहेरच्या,

२५ डॉलर भर. ९९ डॉलर भरू नकोस, निदान या हंगामात तरी नको. तुला एवढंच हवं असेल तर इथं थांबलास तरी चालेल. पण तात्यांना पटवायचं म्हणजे कारणं लागतील, आणि तात्यांचा प्रश्न तुझ्यापेक्षा सरस आहे.

तू दोन्ही फिया एका दावणीला बांधल्यास. त्यांची जात वेगळी आहे. गूगलचे २५ डॉलर एकदाच घेतले जातात, पुन्हा कोणी मागत नाही. ॲपलचे ९९ डॉलर म्हणजे भाडं. ते थकलं तर सभासदत्व संपतं आणि तुझं ॲप ॲप स्टोअरवरून खाली उतरतं. ज्यांच्या फोनवर आधीच आहे त्यांचं चालू राहतं, पण नवीन माणसाला ते मिळत नाही आणि जुन्यांना दुरुस्ती पाठवता येत नाही. ॲप कमवत असेल तर हे भाडं किरकोळ आहे. कमवत नसेल तर ते दर वर्षी तुला विचारणार, अजून हौस आहे का? एखाद्या मास्तरांनी शाळेच्या पोरांसाठी पाढ्यांचं फुकट ॲप केलं, तर ते जिवंत ठेवायला त्यांनी जन्मभर वर्षाला आठ-नऊ हजार भरत राहायचं. माझा राग आहे तो या प्रकारावर, एकरकमी फीवर नाही.

आणखी एक गोष्ट या ९९ च्या आकड्यात दडलेली आहे. ॲपलनं २००८ मध्ये आयफोनसाठी डेव्हलपर सभासदत्व सुरू केलं तेव्हाही फी ९९ डॉलरच होती. २०१५ मध्ये तर आयफोन आणि मॅक यांची वेगवेगळी सभासदत्वं एकत्र करून त्याच ९९ मध्ये बसवली, म्हणजे अमेरिकेतल्या माणसाला ती स्वस्तच होत गेली. आपल्याकडे २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, तेव्हा हीच फी चार हजारांच्या घरात होती. आज ती दुपटीच्या वर गेली आहे. फी न वाढवता वाढली. कॅलिफोर्नियातल्या पोराला जो आकडा तोच तासगावच्या पोराला. कोणाच्या खिशात किती हे कुणी विचारत नाही.

आता फीच्या बाजूनं नेहमी जे सांगितलं जातं ते बघू. फी नसेल तर कचरा येईल, चोर येतील, म्हणून दारात थोडे पैसे घेतलेले बरे. यात तथ्य आहे, पण जेवढं सांगतात तेवढं नाही. गूगलच्याच सांगण्यानुसार २०२४ या एका वर्षात त्यांनी नियम मोडणारी २३ लाख ६० हजार ॲप प्ले स्टोअरवर येण्याआधी अडवली आणि १ लाख ५८ हजारांहून जास्त डेव्हलपर खाती बंद केली. ही खाती काढतानाही कुणीतरी २५ डॉलर मोजले असणारच. ज्याला लोकांचे खिसे कापायचे आहेत त्याला दोन हजार रुपये हा धंद्याचा खर्च वाटतो. फीमुळे थांबतो तो हौशी, गरजू आणि भिडस्त माणूस. चोर थांबतो ओळखपत्रानं आणि तपासणीनं. मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये एकट्या डेव्हलपरसाठी नोंदणी फी काढूनच टाकली आणि ओळख पटवण्यावर भर दिला, त्यामागं हाच विचार दिसतो.

मला पटलेली रीत खेळांचं दुकान चालवणाऱ्या स्टीमची आहे. तिथं २०१७ पासून प्रत्येक खेळामागं १०० डॉलर भरावे लागतात, पण त्या खेळाची विक्री १००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. जो मनापासून करतो त्याचे पैसे त्याला परत मिळतात आणि शंभर भंगार खेळ टाकणाऱ्याचे बुडतात. मोबाइलच्या दोन मोठ्या दुकानांना हे करणं अवघड नव्हतं. केलं नाही, एवढंच.

तरी तुला सांगते, फीवर रागावून तू चुकीच्या जागी रागावतो आहेस. तात्यांना मार्केट यार्डाच्या भाषेत सांग. फी म्हणजे यार्डात बसायचा परवाना. खरा पैसा जातो तो अडतीत. ॲपमधून सभासदत्व विकलंस तर त्यातून दुकानाचा वाटा कापला जातो. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या छोट्यांसाठी ॲपलनं जानेवारी २०२१ पासून आणि गूगलनं जुलै २०२१ पासून तो १५ टक्क्यांवर आणला, त्याआधी तो ३० होता.

समज, एका हंगामाचे तू ३०० रुपये घेतोस आणि ४०० बागायतदार येतात. एकूण १ लाख २० हजार झाले. त्यातले १५ टक्के म्हणजे १८ हजार. कर वेगळा, तो सध्या बाजूला ठेव. अडतच ॲपलच्या वर्षाच्या फीच्या दुप्पट झाली आणि तीही दर हंगामाला. परवान्यावर भांडत बसलास आणि अडतीचा दर वाचलाच नाहीस असं होऊ नये. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटींचा दंड केला तोही ॲपमधले पैसे प्ले स्टोअरच्याच बिलिंगमधून घ्यायच्या सक्तीवरून. नोंदणी फीबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. त्या प्रकरणानंतर भारतात ॲपला दुसरी पेमेंट सोयही ठेवता येते आणि तसं केलं तर वाटा चार टक्क्यांनी कमी होतो. चारशे गिऱ्हाइकं झाली की त्या भानगडीत पड, आत्ता नको.

याच हिशेबावर आयफोनचा निर्णय टेकवायचा. ३०० मधून १५ टक्के गेले की तुझ्या हातात २५५ उरतात. ॲपलची फी साडेआठ हजार धर. म्हणजे पैसे मोजणारे ३४ आयफोनवाले बागायतदार मिळाले की ती फक्त भरून निघते. तुझ्या तालुक्यात आयफोनवर फवारणी लिहून ठेवणारे आणि वर तुला पैसे देणारे ३४ जण आहेत का? तू गाव मोजून सांग, मी मानेन. आणि आयफोनसाठी ॲप बांधायला एक्सकोड हे ॲपलचं सॉफ्टवेअर लागतं, आणि एक्सकोड फक्त मॅकवर, म्हणजे ॲपलच्या संगणकावर चालतं. तुझ्याकडं मॅक असता तर तू तो पत्रात लिहिला असतास.

राहिले ते दोन सल्लागार. त्यांचं बोलणं नीट तपास. सल्लागार स्वतः बागेत औषध मारत नाही, त्यामुळं त्याला नोंद करायची नसते. त्याला दुसऱ्याची नोंद बघायची असते. बाग किती दिवसांची, डाऊनी रोगासाठी शेवटचं काय मारलं, भुरीचं काय झालं, पाऊस झाल्यावर फवारणी राहिली का. एवढं बघायला ॲप कशाला? फ्लटरमधूनच वेबचं पान तयार होतं. बागायतदारानं परवानगी दिली की त्याची वही सल्लागाराला सफारीत उघडता येईल. ते पान त्यांनी होम स्क्रीनवर ठेवलं की चिन्हासकट ॲपसारखंच दिसतं आणि त्याला कोणत्याही दुकानाची फी नाही. हे करून दे आणि मग बघ, शंभर जणांना सांगतो म्हणणारे किती जणांना सांगतात. वीस जणांना जरी सांगितलं तरी पुढच्या वर्षी ९९ डॉलरचा विचार कर. तोवर त्यांचं आश्वासन फुकट आणि तुझे पैसे रोख, हा सौदा मला मान्य नाही.

गूगलच्या बाजूला मात्र २५ डॉलर ही सगळ्यात सोपी पायरी आहे. खरी कसोटी पुढं आहे आणि ती पैशानं सुटत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे ठरावीक माणसांपुरती चाचणी, घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात. ती सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवीत. मधेच कुणी बाहेर पडला आणि आकडा ११ वर आला की गणित बिघडलं. म्हणून १२ वर थांबू नकोस, १८-२० जण घे.

तुझे एपीकेवाले आठ-दहा जण आहेतच, पण त्यांना आता लिंकवरून प्ले स्टोअरमधून ॲप घ्यावं लागेल आणि त्यासाठी त्यांचा जीमेल पत्ता लागेल. इथंच तुझी दमछाक होणार आहे. आपल्याकडच्या निम्म्या फोनांवरचा जीमेल मोबाइलच्या दुकानदारानं फोन विकताना काढून दिलेला असतो. मालकाला तो पत्ता ठाऊक नसतो, पासवर्डचं तर नावच नको. घरोघर जाऊन फोन हातात घे, सेटिंगमध्ये जाऊन पत्ता वाचून घे, तिथंच लिंक उघडून चाचणीत सामील करून दे. फोनवर सांगून हे काम होत नाही. चुलत्यांचा फोन पोराच्या हातात असेल तर पोरालाही सांग की चौदा दिवस ॲप काढू नकोस.

त्या दोन आठवड्यांत ते काय म्हणतात ते वहीत उतरवून ठेव. चौदा दिवसांनी खुलं करण्याचा अर्ज करशील तेव्हा गूगल विचारतं की चाचणी घेणाऱ्यांनी काय सांगितलं आणि तू काय बदललंस. "सगळं छान आहे" हे उत्तर तिथं चालत नाही. आणि तू खरं लिहून ठेवलंस तर तुझं ॲपच सुधारेल. कुणीतरी म्हणेल, टँक किती लिटरचा ते आधी विचार, डोस मग. कुणी म्हणेल, उन्हात अक्षर दिसत नाही. हे तुला कॉलेजात कुणी सांगणार नव्हतं. मी फीच्या विरोधात बोलते आहे, पण या बाराच्या नियमाला मी नावं ठेवणार नाही. त्रासदायक आहे, पण त्यातून तुला काहीतरी मिळतं.

पैसे घेऊन बारा माणसं पुरवणाऱ्या जाहिराती तुला दिसतील. त्यांच्या नादी लागू नकोस. ती माणसं द्राक्ष खातात, पिकवत नाहीत.

वेळेचा हिशेबही बघ. फळछाटण्या सप्टेंबरअखेर सुरू होतात आणि एकदा बाग छाटली की बागायतदाराला दोन महिने डोकं वर काढायला फुरसत नसते. ॲप छाटणीच्या आधी हातात हवं, कारण दिवस तिथूनच मोजायचे आहेत. चौदा दिवस चाचणीचे, आठवडाभर अर्जाचा, आणि एकदा अर्ज परत येईल असं धरून चाल. म्हणजे ऑगस्टमध्येच खातं काढ.

खातं काढताना दोन-तीन गोष्टी सांभाळ. सरकारी ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच्या तसं टाक, वडिलांच्या नावासकट. ओळख पटली नाही तर फी परत मिळत नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं, परदेशी व्यवहार आपण मागून सुरू करावे लागतात. ते आधी कर, नाहीतर पैसे भरताना कार्ड नाकारलं जाईल आणि तुला वाटेल गूगलनंच हाकललं. तिसरी गोष्ट पत्त्याची. वैयक्तिक खात्यावरून ॲपमध्ये पैसे घ्यायला लागलास की तुझा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्या जगाला दिसतो. तुझ्या मळ्यातल्या घराचा पत्ता दिसायला तुझी हरकत नसेल, पण घरच्यांना विचार. मुली मला याच कारणासाठी पत्र लिहितात.

शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावानं खातं काढलं तर बारा जणांच्या चाचणीची अट लागत नाही. त्याला डी-यू-एन-एस हा कंपनीची ओळख पटवणारा क्रमांक लागतो. तो फुकट मिळतो, पण कागद आणि वेळ खातो. हा रस्ता मोहाचा आहे, पण मग ॲप कंपनीच्या खात्यावर राहील, आणि संचालक बदलले की तुझी गाठ नव्या संचालकांशी. लेखी करार असेल तरच जा.

२५ डॉलर एकदाच, असं मी वर म्हटलं. पैशापुरतं ते खरं आहे. कामाचा हप्ता गूगललाही लागतो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती येत राहते आणि दर वर्षी तुझं ॲप तिच्या जोडीला आणावं लागतं. नाही आणलंस तर दुरुस्ती टाकता येत नाही आणि पुढं ते नव्या फोनवर शोधूनही सापडत नाही. वर्षाला आठ-दहा दिवस या कामाला बाजूला ठेव.

याहून मोठं काम तुझ्या पीएचआयच्या तक्त्याचं आहे. त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मला काळजी वाटते. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशीच्या औषधांची यादी बदलत असतं. एखादं औषध यादीतून जातं, एखाद्याचे थांबायचे दिवस वाढतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं युरोपात आपला माल अडकला होता, ते तात्यांना विचार. त्यांना तो हंगाम पाठ असेल. तुझ्या ॲपनं "आता काढणी चालेल" असं दाखवलं आणि तक्ता जुना निघाला, तर कंटेनर परत येईल आणि लोक तुझ्या दारात येतील. तक्ता कोणत्या तारखेचा आहे ते प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरात दाखव. या कामापुढं ९९ डॉलरची फी मला क्षुल्लक वाटते. तासभर द्यायचाच असेल तर फीला देऊ नकोस, तक्त्याला दे.

एपीकेच वाटत राहू का, असंही तुझ्या मनात असेल. या हंगामापुरतं चालेल. पण गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्येच जाहीर केलं आहे की स्टोअरच्या बाहेरून येणाऱ्या ॲपच्या डेव्हलपरचीही ओळख पटवली जाईल. सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून आहे, बाकीचे देश नंतर. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी फी नसलेलं मर्यादित खातंही त्यात सांगितलं आहे. म्हणजे निनावी एपीकेचे दिवस मोजके आहेत. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल बसवताना फोन धोका दाखवतो. आधीच कुणाचे तरी बँकेतले पैसे तशा फाइलीनं गेलेले गावानं ऐकलेलं असतं. ओळखीतले आठ-दहा जण तुझ्या तोंडाकडं बघून बसवतील, पलूसचा अनोळखी माणूस नाही बसवणार. त्या २५ डॉलरमध्ये तू नेमकं हे विकत घेतोस, अनोळखी माणसाचा विश्वास. तात्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. फोनपेचं इंडस ॲपस्टोअरही २०२४ पासून आहे, त्यात मराठी आहे, तिथंही टाक. पण बागायतदार शोधणार प्ले स्टोअरवर.

पुण्याच्या मित्राचं राहिलं. त्याचं खातं नोव्हेंबर २०२३ च्या आधीचं असणार, म्हणून त्याला बारा जणांची अट नाही, आणि म्हणूनच तुला ते फुकट वाटतं. पण ॲप त्याच्या खात्यावर गेलं की दुकानाच्या लेखी मालक तो. पैसे त्याच्या बँकेत येणार, बागायतदारांच्या तक्रारी त्याच्या ईमेलवर जाणार. त्याच्या दुसऱ्या एखाद्या ॲपनं नियम मोडला आणि खातं बंद झालं तर ऐन हंगामात तुझं ॲपही गेलं, आणि त्या खात्याशी तुझं नाव जोडलेलं निघालं तर तुझं नवीन खातंही अडचणीत येऊ शकतं. नंतर ॲप एका खात्यावरून दुसऱ्यावर हलवता येतं, पण त्यासाठी तुझं स्वतःचं खातं लागतंच, म्हणजे २५ डॉलर वाचले नाहीत, फक्त पुढं ढकलले. मित्राला मनापासून नाही म्हण. त्याच्याकडं अँड्रॉइड फोन असेल तर तुझ्या अठरा-वीस जणांत त्याचा जीमेल घाल आणि चौदा दिवस ॲप ठेवायला सांग.

– ताई